प्रेडनिसोलोन चालू असलेल्या बाळाला गोवर-रुबेलाची लस: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी नेमके काय विचारावे?

प्रश्न: तृतीय वर्ष बी.एस्सी. नर्सिंग, नागपूर

सर्वांना नमस्कार. सध्या आमची बालआरोग्य परिचर्येची पोस्टिंग चालू आहे आणि मागच्या आठवड्यात माझी ड्युटी लसीकरण ओपीडीत होती. तेथील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सतरा महिन्यांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली होती. कार्डाप्रमाणे त्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओ थेंबांचा बूस्टर बाकी होता. ताप आहे का, आधीच्या लसीनंतर काही त्रास झाला होता का, ॲलर्जी आहे का, हे मी नेहमीप्रमाणे विचारले आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच आले. एमआरची (गोवर-रुबेलाची) व्हायल मी हातात घेतलीही होती. पण बाळाचा चेहरा वयाच्या मानाने फारच गोल आणि फुगीर वाटला, म्हणून मी कोणते औषध चालू आहे का एवढेच विचारले, तेव्हा आईने पिशवीतून प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या सिरपची बाटली काढली. तीन आठवड्यांपूर्वी अंगावर सूज आल्यामुळे तिने बाळाला दाखवले होते, लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले आणि नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजाराचे निदान झाले. सूज उतरल्यावर बाळाचे वजन १० किलो भरले आहे आणि रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे.

यानंतर माझा गोंधळ वाढला. एका सिस्टरांनी औषध संपेपर्यंत कोणतीच लस देऊ नये असे सांगितले. दुसऱ्या सिस्टरांचे म्हणणे होते की बाळाला ताप नाही आणि कार्डावरची तारीख उलटते आहे, तेव्हा सर्व लसी देऊन टाकाव्यात. शेवटी डॉक्टरांनी डीपीटी देण्यास सांगितले आणि एमआर व पोलिओचे थेंब थांबवले. निघताना आईने मला विचारले, “मग मॅडम, दोन रोज दवाई बंद करून आणू का याले?” मला उत्तर देता आले नाही. डॉक्टरांना विचारा, एवढेच मी म्हणाले.

डॉक्टरांचा निर्णय बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे. प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारी औषधे पुस्तकात एका लांबलचक यादीत येतात आणि लसी दुसऱ्या प्रकरणात येतात. ही दोन प्रकरणे एकत्र कशी वाचावीत, हे कोणी सांगेल का? चेहरा गोल दिसला नसता तर माझ्या हातून एमआर दिली गेली असती, याची मला फार टोचणी लागली आहे.

उत्तर १: बालरुग्ण विभागातील सिस्टर

सर्वप्रथम आईच्या प्रश्नाचे उत्तर, कारण तुमच्या संपूर्ण प्रसंगात सर्वांत धोक्याची गोष्ट तीच आहे. औषध बंद करायचे नाही. एक दिवसही नाही. काही आठवडे रोज प्रेडनिसोलोन मिळाले की शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टिरॉइड) तयार करण्याची यंत्रणा मंदावते. अशा वेळी औषध अचानक थांबले आणि त्यातच बाळाला जुलाब किंवा ताप आला, तर रक्तदाब आणि रक्तातील साखर खाली जाऊन बाळ अत्यवस्थ होऊ शकते. शिवाय अंगावरची सूज परत येते ते वेगळेच. आणि ज्या लसीसाठी हा खटाटोप करायचा, ती दोन दिवसांच्या खंडाने सुरक्षित होत नाही, कारण स्टिरॉइडचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम इतक्या लवकर ओसरत नाही. “औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच द्यायचे, लस आपण थांबवली आहे, औषध नाही” हे वाक्य आईला सांगून तिच्याकडून परत वदवून घ्यावे. ‘आज लस नाही’ हे शब्द ऐकल्यावर त्याचा दोष औषधाला देणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही, कारण आपणच त्यांना कारण सांगितलेले नसते.

आता कारणाकडे येऊ. गोवर-रुबेलाच्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडाफार वाढतो, आणि तो वाढतो म्हणूनच प्रतिकारशक्ती त्याला ओळखायला शिकते. निरोगी बाळात टी पेशी (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ही वाढ आवरतात. मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन चालू असताना त्याच पेशी क्षीण झालेल्या असतात, त्यामुळे लसीतील विषाणू आवरला न जाता फुप्फुसापर्यंत पोहोचण्याची भीती असते. डीपीटीमध्ये वाढण्यासारखे काहीच नसते. त्यात घटसर्प व धनुर्वाताची निष्प्रभ केलेली विषे आणि डांग्या खोकल्याचे मृत जंतू असतात. म्हणून ती अपाय करत नाही, फार तर तिचा परिणाम थोडा कमी होतो. जिवंत लसीच्या बाबतीत प्रश्न सुरक्षिततेचा असतो आणि निर्जीव लसीच्या बाबतीत परिणामकारकतेचा. तुमच्याकडच्या दोन्ही सिस्टरांनी या दोन प्रश्नांची सरमिसळ केली, एकीने एका बाजूने आणि दुसरीने दुसऱ्या बाजूने.

आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकातील जिवंत लसी थोड्याच आहेत: बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला आणि निवडक जिल्ह्यांत दिली जाणारी मेंदूज्वराची जिवंत लस. खासगीत कांजिण्यांची लस आणि एमएमआर यांची भर पडते, आणि फ्लूची नाकात फवारायची लसही जिवंत असते. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल, पोलिओचे इंजेक्शन, रेबीज आणि फ्लूचे इंजेक्शन या सर्व निर्जीव आहेत. पहिला गट पाठ असला की दुसरा वेगळा पाठ करावा लागत नाही.

स्टिरॉइडची मात्रा किती झाली म्हणजे ‘मोठी’, याचा आकडा ठरलेला आहे. रोज प्रतिकिलो २ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, अथवा १० किलोच्या वरच्या मुलांत रोज एकूण २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन १४ दिवस किंवा अधिक काळ चालले असेल, तर जिवंत लस द्यायची नाही आणि ते थांबल्यावर किमान एक महिना जाऊ द्यायचा. तुमच्या बाळाचे वजन १० किलो, मात्रा २० मिलिग्रॅम आणि काळ तीन आठवडे. म्हणजे ते या मर्यादेत पूर्णपणे बसते. येथे एक गोष्ट जपावी. मात्रा मिलिलिटरमध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये नोंदवावी, कारण हे सिरप ५ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरला १५ मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते आणि आई फक्त “चार चमचे” किंवा “दीड चमचा” असे सांगते. बाटली हातात घेऊन लेबल वाचल्याशिवाय हिशेब करू नये.

तारीख उलटण्याची भीतीही तपासून पाहा. नेफ्रोटिकच्या पहिल्या झटक्यात साधारणपणे सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड औषध देतात. बाळाचे तीन आठवडे झाले आहेत, नऊ राहिले आहेत, आणि त्यापुढे चार आठवडे धरले तर सुमारे तेरा आठवडे होतात. म्हणजे बाळ वीस महिन्यांचे असेल. एमआरच्या दुसऱ्या डोसची मुदतच सोळा ते चोवीस महिने आहे आणि राहून गेल्यास तो पाच वर्षांपर्यंत देता येतो. घाई करण्याचे कोणतेही कारण नव्हते.

उलट ज्या लसीची घाई करायला हवी होती, तिचा उल्लेख तुमच्या लिखाणात नाही. नेफ्रोटिकच्या मुलांना न्यूमोकोकस या जिवाणूचा मोठा धोका असतो. पोटातील पाण्यात त्याचा संसर्ग होऊन पेरिटोनायटिस (पोटाच्या आतील आवरणाचा दाह) होतो. या बाळाचे ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांचे पीसीव्हीचे (न्यूमोकोकल लसीचे) तिन्ही डोस झाले आहेत का, हे कार्डावर पाहायला हवे होते. अनेक वर्षांपूर्वी, ही लस शासकीय कार्यक्रमात नव्हती त्या काळात, मी जेथे काम करत होते तेथे अशाच एका मुलीला ‘स्टिरॉइड चालू आहे, सर्व लसी नंतर’ असे सांगून आम्ही दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा ती आली ती पोट फुगलेल्या अवस्थेत, तापाने फणफणलेली. ती वाचली, पण सतरा दिवस वॉर्डात होती. निर्जीव लस नाकारणे ही सुरक्षित बाजू नव्हे, हे मी त्या मुलीच्या खाटेशी उभी राहून शिकले.

उत्तर २: औषधशास्त्र शिकविणारी, नागपूर

वरच्या उत्तरात मूळ मुद्दा आला आहे, म्हणून मी फक्त ‘लांबलचक यादी’बद्दल लिहिते. औषधांची नावे पाठ करण्याऐवजी प्रत्येक औषध प्रतिकारशक्तीच्या कोणत्या टप्प्यावर घाव घालते, हे पाहिले तर लसींचे प्रकरण आपोआप त्याच्याशी जुळते.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन टी पेशींना जागे करणारा इंटरल्युकिन-२ हा संदेशच रोखतात. मायकोफेनोलेट आणि अझाथायोप्रिन लिम्फोसाइट पेशींची संख्या वाढू देत नाहीत. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात ही औषधे आयुष्यभर चालतात, त्यामुळे ‘औषध संपल्यावर लस’ हे उत्तर तेथे लागूच पडत नाही. म्हणून तेथे क्रम उलटा आहे: प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असतानाच जिवंत लसी किमान चार आठवडे आणि निर्जीव लसी शक्यतो किमान दोन आठवडे आधी पूर्ण करायच्या. डायलिसिसवरील प्रौढ रुग्णांना हिपॅटायटिस बी लसीची मात्रा दुप्पट देतात आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी १० एमआययू प्रति मिलिलिटरच्या वर गेली का, हे तपासतात; लस टोचली म्हणजे संरक्षण मिळालेच, असे या रुग्णांत गृहीत धरता येत नाही.

रिटुक्सिमॅब प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी पेशी जवळजवळ पुसून टाकते. या औषधानंतर सुमारे सहा महिने दिलेली निर्जीव लस निरुपद्रवी असते, पण बहुधा वायाही जाते. तुमच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे, कारण वारंवार उलटणाऱ्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्येही रिटुक्सिमॅब वापरतात. अशा वेळी आईकडे दाखवायला बाटली नसते, ती “सहा महिन्यांपूर्वी सलाईनमधून एक इंजेक्शन दिले होते” असे सांगते आणि आपण ते ऐकून सोडून देतो. म्हणून ‘आज औषध चालू आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. मागच्या वर्षभरात काय दिले, हेही विचारावे.

त्याच सलाईनमधून इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले असेल, तर प्रकार निराळा होतो. ते प्रतिकारशक्ती दाबत नाही. उसने प्रतिपिंड देते. हे उसने प्रतिपिंड लसीतील गोवराचा विषाणू वाढण्याआधीच मारतात आणि लस फुकट जाते. कावासाकी या रक्तवाहिन्यांचा दाह होणाऱ्या आजारात प्रतिकिलो २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर गोवराची लस अकरा महिने पुढे ढकलतात, आणि रक्त चढवल्यानंतर साधारण सहा महिने. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस आणि बीसीजी यांना मात्र हा अडथळा नसतो. येथे बाळाला धोका नाही, तरीही लस लांबवायची असते. विद्यार्थ्यांचा घोटाळा हमखास येथे होतो.

इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही टीएनएफ (दाह पेटवणारा संदेश) रोखणारी औषधे क्षयाच्या गाठीभोवतीचे कुंपण सैल करतात. आपल्या देशात कितीतरी जणांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात, त्यामुळे पहिल्या डोसआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची माँटू ही त्वचेची किंवा आयजीआरए ही रक्ताची तपासणी झाल्याची नोंद पाहिल्याशिवाय औषध तयार करायला घेऊ नये.

मेथोट्रेक्सेटबद्दल परिचारिकेने सर्वांत आधी लक्षात ठेवायची गोष्ट लसीची नाही. सांधेदुखीच्या आजारात ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यामुळे अस्थिमज्जा दबून तोंड सोलवटलेले रुग्ण दाखल होतात. वार कोणता, हे रुग्णाच्या कागदावर शब्दांत लिहावे.

आणि ज्या स्टिरॉइडमुळे लस थांबवायची नाही, तेही सांगते. दम्याचा पंप, नेब्युलायझरमधील बुडेसोनाइड, त्वचेचे मलम, डोळ्यांचे थेंब, सांध्यात दिलेले इंजेक्शन, तसेच ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल तयारच होत नाही त्यांना नैसर्गिक प्रमाणात भरून दिलेले हायड्रोकॉर्टिसोन, यांपैकी कशामुळेही एमआर नाकारू नये. दम्यासाठी चार-पाच दिवस प्रेडनिसोलोन घेतलेल्या मुलाला ते संपल्यावर जिवंत लस देता येते; काही तज्ज्ञ दोन आठवडे थांबणे पसंत करतात. हिवाळ्यात नागपुरात पंप वापरणाऱ्या मुलांची संख्या पाहता, या एका गैरसमजामुळे किती मुलांची गोवराची लस लांबत असेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

उत्तर ३: आरोग्यसेविका, रामटेक तालुका

गावपातळीवरचे दोन-तीन मुद्दे जोडते.

आमच्याकडे सिकलसेलची मुले पुष्कळ आहेत आणि ‘याची प्रतिकारशक्ती कमी आहे’ असे ऐकले की नवीन सेविका घाबरून गोवराची लस थांबवतात. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी होते. तिचे मुख्य काम न्यूमोकोकससारखे कवच असलेले जिवाणू रक्तातून गाळणे हे असल्यामुळे या मुलांना पीसीव्ही अगदी वेळेवर मिळायला हवी आणि पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन चालू ठेवायला हवे. परंतु त्यांच्या टी पेशी शाबूत असतात, म्हणून केवळ सिकलसेल आहे एवढ्यावरून एमआर थांबवायची नसते. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर मात्र मी स्वतः निर्णय घेत नाही. ते औषध पांढऱ्या पेशी कमी करू शकते, त्यामुळे मागच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन मुलाला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवते.

दुसरा मुद्दा घरातील इतर मुलांचा. तुमच्या बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत, पोलिओचे इंजेक्शन देता येते, हे ठीकच आहे. पण त्याला पाच वर्षांखालील भावंड असेल आणि पल्स पोलिओच्या रविवारी त्याला थेंब मिळाले, तर तो दुबळा विषाणू त्याच्या शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडतो. ही गोष्ट आईला आधी सांगून ठेवावी, म्हणजे ती पथकाला घरातल्या आजारी बाळाविषयी सांगेल आणि भावंडाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेईल. भावंडाची गोवराची लस मात्र अजिबात थांबवू नये. तिचा विषाणू असा पसरत नाही, आणि ज्या बाळाला आपण लस देऊ शकत नाही त्याचे संरक्षण घरातल्या इतरांच्या लसीवरच अवलंबून असते. शेजारी कुणाला गोवर किंवा कांजिण्या झाल्या, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात यावे, हेही सांगा. संपर्कानंतर ठरावीक दिवसांच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते आणि गोवरासाठी ती मुदत फक्त सहा दिवसांची आहे.

तिसरा मुद्दा कुत्रा चावण्याचा. स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्या व्यक्तीला नुसते खरचटले, रक्त आले नाही, तरी लसीच्या पूर्ण डोसांसोबत जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते आणि लस कातडीत न देता स्नायूत द्यावी लागते. येथे लस थांबवण्याचा विचार मनातही आणू नये.

उत्तर ४: कर्करोग विभागातील ब्रदर

आमच्याकडचा नियम थोडक्यात. केमोथेरपी संपल्यावर जिवंत लसींसाठी किमान तीन महिने थांबतो, आणि तेही आजार आटोक्यात असेल तरच. फ्लूचे इंजेक्शन दरवर्षी रुग्णाला आणि घरातल्या सर्वांना देतो. न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असलेल्या रुग्णाचे तापमान गुदद्वारातून मोजत नाही. अशा रुग्णाला ३८.३ अंश सेल्सिअसचा एक जरी ताप आला, तरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहत बसत नाही, लगेच डॉक्टरांना कळवतो. स्टिरॉइड चालू असलेल्या तुमच्या बाळातही ताप झाकला जाऊ शकतो, तेव्हा ‘ताप नाही’ या उत्तरावर विसंबू नये. बाळ खेळते का, दूध पिते का, पोट दुखते का, हे विचारावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मी माझ्या वहीत ओपीडीसाठी प्रश्नांचा क्रम लिहून घेतला आहे: कोणते औषध, किती मिलिग्रॅम, किती दिवसांपासून, मागच्या वर्षभरात रक्त किंवा सलाईनमधून काही दिले का, आणि घरात आणखी कोण लहान किंवा आजारी आहे. यात काही राहिले आहे का? पुढच्या महिन्यात माझी पोस्टिंग प्रसूती विभागात आहे. तेथे बाळ नुकतेच जन्मलेले असते, त्याला कोणतेच औषध नसते, म्हणून तेथे हे प्रश्न लागत नाहीत असे मी समजते.

उत्तर: औषधशास्त्र शिकविणारी, नागपूर

तेथे तर एक प्रश्न जास्त लागतो, आणि तो आईला तिच्या स्वतःबद्दल विचारायचा असतो. गरोदरपणात तुम्हाला सांध्यांसाठी किंवा आतड्यांच्या आजारासाठी काही इंजेक्शने चालू होती का? इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि जन्मानंतर काही महिने तेथे राहतात. आईला इन्फ्लिक्सिमॅब चालू असलेल्या एका बाळाला बीसीजी दिल्यानंतर तिचे जंतू शरीरभर पसरून ते दगावल्याची नोंद २०१० साली वैद्यकीय साहित्यात झाली. त्यानंतर अशा बाळांची बीसीजी साधारण सहा महिने पुढे ढकलण्याचा सल्ला दिला जाऊ लागला, आणि २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी इन्फ्लिक्सिमॅबसाठी ही मुदत बारा महिने केली. आपल्याकडे बीसीजी घरी जाण्यापूर्वीच देतात, म्हणून विचारायला वेळ थोडा असतो. पहिल्या चोवीस तासांतील हिपॅटायटिस बीची लस मात्र अशा बाळालाही द्यायचीच.

उत्तर: बालरुग्ण विभागातील सिस्टर

एक दुरुस्ती माझ्याच उत्तरात. तेरा आठवड्यांचा हिशेब मी तुम्हाला समजावा म्हणून मांडला; ती तारीख कार्डावर लिहू नका. नेफ्रोटिक मध्येच उलटतो आणि रोजचे औषध पुन्हा सुरू होते. एक दिवसाआड कमी मात्रा चालू असताना जिवंत लस द्यावी की नाही, याबाबत वेगवेगळ्या मार्गदर्शिकांचे आकडेही सारखे नाहीत, म्हणून तो दिवस बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावा. कार्डावर एमआरच्या चौकटीसमोर पेनाने कारण लिहा: ‘प्रेडनिसोलोन २० मि.ग्रॅ. रोज, नेफ्रोटिक, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे ढकलली’. नुसती रिकामी चौकट पाहिली तर पुढच्या वेळी ड्युटीवर असलेली मुलगी ती भरून टाकील, आणि तोपर्यंत बाळाचा चेहरा कदाचित गोल राहिलेला नसेल.